तुमचं इंजिन: किटबॅश करायचं की कोऱ्या शीटपासून घडवायचं?

"डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल करून द्याल का?" असा फोन आला की आम्ही आधी विचारतो: कोणत्या सालचं, कोणत्या शेडचं? त्यावरच पुढचं सगळं काम ठरतं. ऑर्डर देण्याआधी हे पत्रक निवांत वाचा.

आम्ही भारतीय ब्रॉडगेज इंजिनांची मॉडेल एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात करतो. बफरपासून बफरपर्यंत १७.१२ मीटर लांबीचं डब्ल्यूडीएम-२ या प्रमाणात १९७ मिलिमीटरचं होतं, एका वितीत मावणारं.

किटबॅश म्हणजे बाजारात मिळणाऱ्या तयार मॉडेलची मोटर, गिअर आणि चाकं ठेवायची अन् वरची बॉडी कापून-जोडून किंवा पूर्ण नवी करायची. हे मूळ मॉडेल, ज्याला आम्ही डोनर म्हणतो, निवडताना बहुतेक जण बॉडी बघतात. आमचा आग्रह असतो की आधी खाली वाकून बोगी, म्हणजे ॲक्सल बसवलेली खालची चौकट, बघा. बॉडी आम्ही हवी तशी करू शकतो, पण बोगी चुकीची असली तर जाणत्या माणसाला ते लगेच खटकतं. डब्ल्यूडीएम-२चा आराखडा अमेरिकेच्या आल्को कंपनीचा. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिथूनच आली, मग वाराणसीत बनू लागली. त्याच्या बोगीत तीन ॲक्सल असतात, पण मधला बरोबर मध्यावर नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. हीच ठेवण आल्कोच्या आरएसडी-५ मध्येही आहे, म्हणून तिचं एचओ मॉडेल आम्हाला डोनर म्हणून आवडतं. चाकाच्या व्यासात मिलिमीटरभराचाही फरक पडत नाही.

'खेकड्या'ची गोष्ट वेगळी. खेकडा म्हणजे घाटात मालगाड्या ओढणारं डब्ल्यूसीजी-१ हे विजेचं इंजिन, १९२८च्या सुमारास जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेसाठी आलेलं. "स्विस क्रोकोडाइल या इंजिनाचं तयार मॉडेल आणून देतो, त्यातूनच करा" असं पुष्कळ जण सुचवतात. दिसायला दोघं भावंडं, हे खरं. पण स्विस इंजिनाला दोन्ही टोकांना एकेक छोटं मार्गदर्शक चाकांचं ॲक्सल असतं, खेकड्याला ते नाही. दोन्हींची चाकं बाहेरून दिसणाऱ्या कनेक्टिंग रॉडने, म्हणजे दांड्यांनी, जोडलेली असतात. त्या यंत्रणेत एवढा फरक झाकता येत नाही. म्हणून खेकडा आम्ही मुळापासूनच घडवतो: चासी (खालचा सांगाडा) पितळी पट्टीची, बॉडी अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीन या प्लास्टिकच्या शीटची. रिव्हेट शीटच्या मागून बोथट सुईने एकेक दाबून उठवतो, पट्टी सरळ धरून, आणि तेही शीट कापण्याआधी. एक जरी रांगेबाहेर गेला तरी ती बाजू पुन्हा पहिल्यापासून. वेळ आणि पैसे कुठे जातात, ते यावरून ध्यानात येईल. हँडरेल ०.४ मिलिमीटरच्या पितळी तारेची असते. जाड तार वापरली की इंजिन खेळण्यासारखं दिसू लागतं.

एक तडजोड आधीच सांगतो. १,६७६ मिलिमीटरचं ब्रॉडगेज या प्रमाणात १९.३ मिलिमीटरचं व्हायला हवं. तयार एचओ रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे असतात, स्टँडर्ड गेजच्या मापाचे. आम्ही त्यावरच चालणारी चाकं देतो. त्यामुळे समोरून पाहताना चाकं थोडी आत सरकलेली दिसतात.

फोटोंबद्दल कळकळीने सांगतो. एकदा एका ग्राहकाने एकाच नंबरच्या इंजिनाचे दोन फोटो दिले होते, त्यांत बऱ्याच वर्षांचं अंतर होतं. आमच्या ते लक्षात आलं नाही. एका टोकाला जुना मोठा हेडलाइट बसला आणि दुसऱ्या टोकाला नंतरचा ट्विन-बीम, म्हणजे दोन दिव्यांचा. चूक आमची होती. दोन्ही टोकं आम्ही स्वखर्चाने बदलून दिली. तेव्हापासून दोन्ही बाजू आणि दोन्ही टोकं दिसतील असे, एकाच काळातले फोटो हातात आल्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही. डब्ल्यूडीएम-२चा जंबो हा प्रकार हवा असेल तर तेही आधीच सांगा, कारण त्याचं रुंद शॉर्ट हूड (केबिनपुढचा आखूड भाग) आणि मोठ्या खिडक्या वेगळ्या कराव्या लागतात.

तुमच्या ले-आउटवरचं सर्वांत कमी त्रिज्येचं वळण मोजून कळवा. ४३८ मिलिमीटरच्या वळणावर डिझेल इंजिन चालेल असं बघतो. खेकड्याला ६०० तरी हवं. रुळांना साधा डीसी पुरवठा आहे की डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रण, हेही कळवा. डीसीसीचे संकेत वाचणाऱ्या डिकोडरची जागा बॉडी बंद करण्याआधीच ठेवावी लागते.

इंजिन घरी आल्यावर पहिला अर्धा तास डबे न जोडता चालवा, दोन्ही दिशांना, मंद गतीने. तेल द्यायचं ते प्लास्टिकला चालणारं, सुईच्या टोकाने, एका जागी एकच थेंब. आणि उचलताना हँडरेलला धरू नका. खाली चासीला धरून उचला.