चिपला घाम येत नाही

मे महिन्यातली दुपार. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात पुतण्या व्हिडिओ रेंडर करत बसला होता. "काका, हा कॉम्प्युटर आधी पळतो आणि पाच मिनिटांत दमतो," त्याची तक्रार. कॅबिनेटची बाजू उघडून त्याने टेबलफॅन आत रोखला होता. तरी तेच.

तापमान दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं. प्रोसेसरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपचा, आकडा १०० अंशांवर खिळलेला. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच असते. तिथे पोचलं की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, उष्णता कमी होते आणि आकडा तिथेच अडकून राहतो. म्हणून नुसतं तापमान बघून भागत नाही, शेजारचे गिगाहर्ट्झ, म्हणजे वेगाचा आकडाही, बघायचे. आमचे ४.२ वरून २.८ वर उतरले होते.

हे तापमान मोजतं कोण? चिपच्या आतच कोरलेला सेन्सर. सिलिकॉनच्या डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) ठरावीक प्रवाह सोडला, की तापमान एक अंशाने वाढताना त्याच्या टोकांमधलं व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घसरतं. ही घसरण म्हणजेच थर्मामीटर. गंमत अशी, की इंटेलची चिप 'मी ६० अंशांवर आहे' असं सांगतच नाही. 'मर्यादेला अजून ४० अंश बाकी' एवढंच सांगते. वजाबाकी सॉफ्टवेअर करतं. हा सेन्सर मर्यादेजवळ नेमका असतो, खाली जरा सैल. त्यामुळे रिकाम्या बसलेल्या मशीनचे दोन-चार अंश इकडेतिकडे झाले तर मनावर घेऊ नये. आणि मदरबोर्डच्या यादीत एखादा सेन्सर कायम १२७ दाखवत असेल, तर बहुधा तिथे सेन्सर जोडलेलाच नसतो. आठ बिटांत, म्हणजे ०-१च्या आठ खणांत, धन-ऋण आकडे बसवले, की १२७ हा सगळ्यात मोठा.

भिंतीवरच्या थर्मामीटरवर ३४ अंश होते. "या दमट हवेनेच कॉम्प्युटर तापतो," असं ठाण्यात सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. दमट हवेत आपण हैराण होतो, कारण घाम वाळत नाही. चिपला घाम येतच नाही. तिला फक्त हवेचं तापमान कळतं. काम आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर चिप खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच गरम राहते. खोली १० अंशांनी तापली, की चिपही जवळपास तेवढीच. म्हणजे ४४ अंशांच्या कोरड्या नागपुरात हाच कॉम्प्युटर आणखी लवकर दमला असता. म्हणून आकडा लिहून ठेवताना खोलीचं तापमानही शेजारी लिहावं, नाहीतर मे आणि डिसेंबरची तुलना फुकट.

खरा गुन्हेगार पंख्याखाली सापडला. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर धुळीची चक्क गोधडी! रस्त्यावरचं बांधकाम खिडकीतून थेट आत आलेलं. चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. जुनी पुसली, मटारच्या दाण्याएवढी नवी लावली, हीटसिंक ब्रशने झाडला.

खोली तीच, व्हिडिओ तोच. आकडा ८१ वर थांबला, गिगाहर्ट्झ ४.२.

"अहो, झालं ना तुमचं?" आतून बायको म्हणाली. "मग तो टेबलफॅन आता इकडे आणा. घामाच्या धारा लागल्यात मला."