अंड्यातील प्रतिपिंडे : अतिसारकारक जीवाणूंच्या निदानात

कोंबडीला जीवाणूचा प्रतिजन, म्हणजे शरीराला परका वाटणारा अंश, टोचला की त्याविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे त्याला नेमके पकडणारी प्रथिने, तिच्या रक्तात तयार होतात आणि तिथून अंड्याच्या पिवळ्या बलकात उतरतात. निसर्गात ही शिदोरी पिलासाठी असते. बलकातील या प्रतिपिंडांना ‘आयजीवाय’ म्हणतात. कोंबडीची प्रतिकारक्षमता बलकात उतरते हे फेलिक्स क्लेम्परर यांनी १८९३ मध्ये धनुर्वाताच्या विषावरील प्रयोगांतून दाखवले.

अतिसाराच्या निदानातली खरी अडचण ई. कोलायची. हा जीवाणू निरोगी आतड्यातही असतो, त्यामुळे विष्ठेतून तो वाढला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. रोगकारक प्रकार ओळखायचा तो त्याच्या विषावरून किंवा आतड्याला चिकटण्यासाठी असलेल्या तंतूंवरून. नेमकी हीच लक्ष्ये धरणारी प्रतिपिंडे एलायझा (रंग बदलून निकाल दाखवणारी चाचणी), पट्टी चाचणी किंवा चुंबकीय मण्यांवर वापरतात. साल्मोनेला आणि पटकीच्या जीवाणूंसाठीही हीच रीत चालते.

मग सशाची प्रतिपिंडे असताना कोंबडीची कशाला? अंडी गोळा करताना प्राण्याचे रक्त काढावे लागत नाही आणि एका बलकातून साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम आयजीवाय मिळते, ही कारणे नेहमी सांगितली जातात. निदानाच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट वेगळी आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्या जीवाणूच्या पृष्ठभागावरील ‘प्रोटीन ए’ सस्तन प्राण्यांच्या प्रतिपिंडांना त्यांच्या शेपटाकडून पकडते आणि चाचणी खोटीच होकारार्थी येते. आयजीवायला ते चिकटत नाही. माणसाच्या नमुन्यातील संधिवात घटकही (इतर प्रतिपिंडांनाच चिकटणारे प्रतिपिंड) आयजीवायशी जुळत नाही.

बलकातील स्निग्धांश मात्र आधी काढावा लागतो. बलक सुमारे दहापट पाण्यात, किंचित आम्ल ठेवून ढवळला की स्निग्ध भाग तळाशी बसतो आणि प्रतिपिंडे वरच्या पाण्यात राहतात. पुढे ती अमोनियम सल्फेटने किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलने साकळवतात. त्यातही टोचलेल्या प्रतिजनाला जुळणारा वाटा थोडाच, बहुधा दहा टक्क्यांच्या आत असतो.

याहून मोठा अडथळा कोंबडीच्या पोटातच आहे. तिच्या आतड्यातही ई. कोलाय नांदतात, म्हणून काहीही न टोचलेल्या कोंबडीच्या अंड्यातही त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. टोचण्यापूर्वीच्या अंड्यांशी तुलना न करता चाचणीच्या अचूकतेचा दावा केला असेल, तर तो फारसा विश्वासार्ह नाही. उपाय म्हणजे निरुपद्रवी जीवाणूंबरोबर अर्क मिसळून नको असलेली प्रतिपिंडे शोषून घेणे, किंवा अख्ख्या जीवाणूऐवजी शुद्ध विष अथवा तंतूच टोचणे. ई. कोलायचे उष्णतेला टिकणारे विष त्यात विशेष त्रासदायक ठरते: ते इतके लहान पेप्टाइड (प्रथिनासारखीच, पण छोटी साखळी) आहे, की मोठ्या प्रथिनाला जोडून दिल्याशिवाय कोंबडीचे शरीर त्याची फारशी दखल घेत नाही.