शार्क दिसला की किनारा बंद: या नियमामागचे एक शतक

शार्कच्या हल्ल्याची भीती आणि वीज अंगावर पडण्याची भीती यांची तुलना आज कोणत्याही बातमीत सापडते. ही तुलना किती जुनी आहे हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. 1916च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे संचालक फ्रेडरिक लुकास यांनी एका वृत्तपत्राला नेमके हेच सांगितले होते. मोठ्यात मोठ्या शार्कलाही धडधाकट माणसाचा पाय तोडता येणार नाही, आणि असा हल्ला होण्यापेक्षा वीज पडून मरण्याची शक्यता कितीतरी जास्त, असे त्यांचे म्हणणे. पुरावा म्हणून ते हर्मन ओलरिक्स या धनिकाच्या बक्षिसाकडे बोट दाखवत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केप हॅटरसच्या उत्तरेला, शार्कने जिवंत माणसावर हल्ला केल्याचे सिद्ध करणाऱ्याला ओलरिक्सने 1891 मध्ये 500 डॉलर देऊ केले होते. पंचवीस वर्षे ते पैसे कुणी मागायला आले नव्हते.

त्याच वर्षी 1 जुलैच्या संध्याकाळी न्यू जर्सीच्या लाँग बीच आयलंडवर, बीच हेवन इथे, एक तरुण जेवणाआधी जरा पोहून यावे म्हणून पाण्यात उतरला. तो ओरडायला लागला तेव्हा काठावरच्या लोकांना वाटले, बरोबरच्या कुत्र्याला हाका मारतोय. त्याला बाहेर काढले, पण हॉटेलच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर रक्तस्रावाने त्याचा जीव गेला. पुढच्या अकरा दिवसांत आणखी तिघे गेले. त्यातले दोघे समुद्रापासून कितीतरी आत, मॅटवान नावाच्या गावाजवळच्या खाडीत. तिथे त्या दिवशी एका निवृत्त जहाज कप्तानाने पुलावरून शार्क पाहिला होता. गावात धावत जाऊन त्याने लोकांना सावधही केले होते. खाडीत शार्क कुठून येणार, म्हणून कुणी मनावर घेतले नाही.

शार्क दिसला की पाणी रिकामे करायचे, हा आज इतका साधा वाटणारा नियम इथून पुढे घडत गेला, तोही सरळ रेषेत नाही. 1916च्या त्या पंधरवड्यातली पहिली प्रतिक्रिया नेहमीचीच होती: किनाऱ्यांना तारेच्या जाळ्यांची कुंपणे, बंदुका घेऊन फिरणाऱ्या मोटारबोटी आणि दिसेल त्या शार्कची कत्तल. हल्ला करणारा शार्क ग्रेट व्हाइट जातीचा होता की बुल शार्क जातीचा, की ते दोन वेगवेगळे प्राणी होते, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्यामुळे मारलेल्यांपैकी खरा गुन्हेगार कोण, हे कळायचा मार्ग नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न नौदलाचा झाला. जहाज बुडाल्यावर तासन् तास पाण्यात राहणाऱ्या खलाशांना धीर मिळावा म्हणून अमेरिकी नौदलाने ‘शार्क चेसर’ नावाची वडी काढली. तिच्यात कॉपर अॅसिटेट आणि काळा रंग असे. शार्क तिला कितपत घाबरत ते बाजूला ठेवू, खलाशांना मात्र ती हवीहवीशी वाटत असे. त्या काळातून एक चांगली गोष्टही निघाली. 1958 मध्ये नौदलाच्या पैशांवर शास्त्रज्ञांचे एक मंडळ बसले आणि जगभरच्या हल्ल्यांची नोंदवही सुरू झाली. ‘इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल’ नावाची ही नोंद आज फ्लोरिडातल्या संग्रहालयात ठेवली जाते. माणसाने डिवचलेले नसताना झालेले चावे जगभरात वर्षाला साधारण साठ-पासष्ट आणि मृत्यू पाच-सहा, हा बातम्यांतून फिरणारा आकडा तिच्यातून येतो.

आकडा खरा आहे. पण एखाद्या बेटावर राहणाऱ्याला तो पुरत नाही, आणि या विषयाचा इतिहास खरे तर या अपुरेपणाचाच आहे. जगाची सरासरी वेगळी, आणि पावसानंतरच्या गढूळ पाण्यात संध्याकाळी पाचला उतरलेल्या माणसाचा धोका वेगळा. हा फरक हवाई आणि रेयुनियन या बेटांनी वेगवेगळ्या तऱ्हेने, बरीच किंमत मोजून, शिकून घेतला.

हवाईत डिसेंबर 1958 मध्ये ओआहू बेटाच्या लानिकाई किनाऱ्यासमोर पंधरा वर्षांचा एक मुलगा मारला गेला. लोकांनी वर्गणी काढली, सरकार पुढे आले आणि 1959 पासून शार्क पकडून मारण्याच्या मोहिमा सुरू झाल्या. 1976 पर्यंत अधूनमधून चाललेल्या या मोहिमांत 4,668 शार्क मारले गेले. माणसाला खरा धोका असलेले टायगर शार्क त्यांत फक्त 554 होते. बरेचसे सँडबार जातीचे, म्हणजे पोहणाऱ्यांच्या वाटेला फारसे न जाणारे. 1994 मध्ये तीन शास्त्रज्ञांनी या सगळ्याचा हिशेब मांडला, तेव्हा हल्ल्यांच्या प्रमाणात मोजण्यासारखा फरक पडल्याचे त्यांना दिसले नाही.

असे का, याचे उत्तर टॅगिंगमधून, म्हणजे शार्कांना यंत्र लावून त्यांचा माग काढण्यातून, मिळाले. 1991 मध्ये मावी बेटावर एका पोहणाऱ्या बाईचा मृत्यू झाल्यावर पुन्हा ‘शार्क मारा’ची मागणी उठली होती. त्यानंतरच्या वर्षांत हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी टायगर शार्कांना पकडून, त्यांच्या अंगात ट्रान्समीटर बसवून सोडून दिले. लोकांची समजूत अशी होती की एक शार्क एका खाडीचा दादा असतो. त्याला काढला की खाडी सुरक्षित. प्रत्यक्षात हे प्राणी एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे, मधला खोल समुद्र ओलांडून, बिनधास्त फिरत होते. आज इथे चावलेला शार्क उद्या दुसऱ्या बेटाजवळ असणार, आणि त्याच्या जागी गळाला लागणारा भलताच कोणी. मावीभोवती उथळ पाण्याचा पट्टा इतर बेटांपेक्षा मोठा आहे आणि टायगर शार्कला तो मानवतो, हेही याच धाग्यातून पुढे कळले. मावीवर चावे जास्त का, या प्रश्नाचे एक उत्तर समुद्राच्या तळाच्या आकारात होते!

एक गोष्ट तर हवाईच्या मूळ रहिवाशांना आधीपासूनच माहीत होती. विलीविलीचे झाड फुलले की शार्क चावतो, अशी त्यांची म्हण आहे. हे झाड उन्हाळा सरता सरता फुलायला लागते. साधारण त्याच सुमारास प्रौढ माद्यांपैकी काही दूरच्या वायव्येकडच्या बेटांवरून मुख्य बेटांकडे पिले घालायला येतात, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. पाण्यात उतरणाऱ्यांनी ऑक्टोबर ते डिसेंबर जास्त जपून राहावे असे सरकारी फलकही सांगतात. शार्कला ‘औमाकुआ’ म्हणजे रक्षक पूर्वज मानणाऱ्या समाजाने त्याच्या येण्याजाण्याचे वेळापत्रक लक्षात ठेवले, यात नवल नाही. आपल्याला ते उपग्रहांकडून कळावे लागले.

आता हवाईचा शिरस्ता ठरलेला आहे. चावा झाला किंवा मोठा शार्क दिसला की त्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक मैलापर्यंत इशाऱ्याच्या पाट्या लागतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा काही दिसले नाही, तर पाट्या निघतात. शार्क मारण्याची भाषा कायद्यातूनच गेली. 1 जानेवारी 2022 पासून तिथे शार्क मुद्दाम पकडणे किंवा मारणे बेकायदा आहे.

रेयुनियनची गोष्ट याच्या उलट आणि अधिक कडवट आहे. हिंदी महासागरातले हे फ्रेंच बेट ज्वालामुखीचे आहे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाणी झपाट्याने खोल होते, डोंगरावरून उतरणारे ओढे पावसाळी गाळ थेट समुद्रात आणतात, आणि प्रवाळ खडकांच्या आडोशाचे शांत पाणी पश्चिमेच्या काही भागातच मिळते. सर्फिंगसाठी नावाजलेले हे बेट. 2011 मध्ये एकट्या बुकाँ कानो किनाऱ्यावर दोघांचा जीव गेला. जुलै 2013 मध्ये सेंट पॉल इथे काठापासून काही मीटरवर असलेली पंधरा वर्षांची मुलगी गेली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने खडकाच्या आतले पाणी आणि राखलेल्या जागा सोडून पोहणे आणि सर्फिंग दोन्ही बंद केले. 2011 ते 2019 या काळात अकरा मृत्यू झाले. साडेआठ लाख वस्तीचे बेट! विजेची तुलना तिथे कुणी तोंडावर केली असती, तर त्याची धडगत नव्हती.

दोष कुणाचा यावर बेट दुभंगले. 2007 मध्ये स्थापन झालेल्या सागरी अभयारण्याने शार्कांना खायला घातले, असे सर्फर म्हणू लागले. दुसरी बाजू वाढती वस्ती, सांडपाणी आणि डोंगरातून येणारे गढूळ पाणी यांकडे बोट दाखवी. माशांतून होणाऱ्या सिग्वाटेरा या विषबाधेच्या भीतीने शार्कचे मांस विकायला 1999 पासून बंदी होती, त्यामुळे मच्छीमारही त्यांच्यामागे फारसे लागत नव्हते. माझ्या मते यातले कोणतेही एक कारण पुरे पडत नाही. आणि एकच कारण हवे असण्याचा हट्टच त्या वादाला इतका विखारी करून गेला. टॅगिंगच्या अभ्यासातून निघालेले चित्र कमी नाट्यमय होते: मुख्य गुंता बुल शार्कचा. गढूळ पाणी, दिवस कलता प्रहर आणि दक्षिण गोलार्धातला हिवाळा ही त्याची जवळ येण्याची वेळ.

उपायही चुकत माकत सापडले. बुकाँ कानोला मोठे जाळे लावले. 2016च्या ऑगस्टमध्ये लाटांनी त्याला भोक पाडले, लाल झेंडा असताना एक सर्फर आत उतरला आणि एक हात आणि एक पाऊल गमावून बसला. तो वाचला, पण जाळ्याच्या आतल्या बाजूला झालेल्या या हल्ल्याने लोकांचा विश्वास गेला. दुसरीकडे ‘स्मार्ट ड्रमलाइन’ ही युक्ती याच बेटावर आकाराला आली. आमिष लावलेला गळ पाण्यावर तरंगणाऱ्या एका बोयाला बांधलेला असतो. प्राणी अडकला की बोयावरून लगेच संदेश जातो आणि माणसे होडीने पोचतात. रेयुनियनमध्ये धोकादायक जातींचे शार्क मारले जातात, बाकीचे सोडले जातात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने हीच युक्ती उचलली, पण शार्कला टॅग लावून खोल समुद्रात सोडण्यासाठी. शिवाय रेयुनियनमध्ये सर्फिंगच्या सरावाच्या वेळी पाण्याखाली डोळे उघडे ठेवून पहारा देणारे पाणबुडेही आहेत. पाणी गढूळ असेल तर सराव रद्द.

जाळ्यांविषयी एक गैरसमज इथेच दूर करावा. सिडनीला 1937 पासून लागणारी जाळी म्हणजे कुंपण नव्हे. 150 मीटर लांब आणि 6 मीटर उंचीचा तो तुकडा, त्याच्या वरून, खालून, बाजूने शार्क जाऊ शकतो. त्यात अडकलेल्या शार्कांपैकी साधारण चाळीस टक्के किनाऱ्याच्या बाजूने, म्हणजे परत जाताना सापडतात. ते जाळे शार्क अडवत नाही, मारते, आणि सोबत कासवे आणि डॉल्फिनही.

पश्चिम ऑस्ट्रेलियात 2011 मध्ये रॉटनेस्ट बेटाजवळ एक पाणबुडा मारला गेला. त्याच्यासह काही मृत्यूंनंतर 2014 मध्ये सरकारने ग्रेट व्हाइटसाठी गळ टाकले. 172 शार्क सापडले, 68 गोळी घालून मारले, ग्रेट व्हाइट एकही नाही. त्याच राज्यात टॅग लावलेले शार्क किनाऱ्याजवळच्या रिसीव्हरपाशी आले की ट्विटरवर आपोआप संदेश जाऊ लागला. शार्क स्वतःच्या येण्याची वर्दी देतो आहे, ही कल्पना मॅटवानच्या त्या कप्तानाला पटली असती का कोण जाणे.

‘शार्क दिसला’ या बातमीचे वजन बदलले ते या यंत्रांमुळे. पूर्वी टेहळणी विमानातून होई, आणि तिच्यावर लोकांचा भाबडा भरवसा असे. ऑस्ट्रेलियात खोट्या शार्कच्या प्रतिकृती पाण्यात बुडवून घेतलेल्या चाचणीत विमानातल्या माणसांना त्यांतल्या सुमारे 12 टक्केच दिसल्या, हेलिकॉप्टरमधून सुमारे 17 टक्के. ड्रोन खाली उडतो, एका जागी थांबतो, चित्र साठवतो. स्वच्छ पाण्यात तो पुष्कळ बरा, गढुळात तोही आंधळाच. त्यामुळे ‘काही दिसले नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा घ्यायचा नसतो. उलट्या बाजूने, ‘दिसला’ याचा अर्थ ‘चावणार’ असाही नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन ठिकाणी ड्रोन उडवले, तेव्हा 97 टक्के दिवशी लहान वयाचे ग्रेट व्हाइट आणि माणसे एकाच पाण्यात वावरत होती. माणसांना बहुधा पत्ताही नव्हता.

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड आणि फायर आयलंडवर 2022 आणि 2023च्या उन्हाळ्यात शार्क चावण्याचे जे प्रकार झाले ते यातूनच समजून घ्यावे लागतात. मेनहेडन नावाच्या छोट्या माशांचे थवे किनाऱ्याला परतले होते. 2019 मध्ये राज्याने मोठ्या घेराच्या जाळ्यांनी ते पकडायला मनाई केली होती. त्यांच्या मागोमाग सँड टायगर जातीची शार्कपिल्ले आली. मासा समजून माणसाचा पाय तोंडात धरायचा आणि सोडून द्यायचा, असे हे चावे. बहुतेक जखमा टाक्यांवर भागणाऱ्या. पण ड्रोन वाढले, किनारे वारंवार बंद झाले, आणि वाचणाऱ्याला वाटले की शार्क अचानक अवतरले. 4 जुलै 2023 रोजी सकाळी फायर आयलंडच्या रॉबर्ट मोझेस पार्कात ड्रोनला शार्कांचा घोळका दिसला म्हणून पोहणे उशिरा सुरू झाले. तिथून समुद्राने फार दूर नसलेल्या बीच हेवनला 1916 मध्ये पहिला माणूस गेल्यावरही किनारा खुलाच राहिला होता.

शेवटचा बदल पाण्याबाहेरचा आहे. शार्कच्या चाव्याने माणूस मरतो तो प्रामुख्याने रक्त वाहून गेल्याने, आणि पहिली काही मिनिटे हातातून गेली की डॉक्टरही काही करू शकत नाही. म्हणून आता कितीतरी किनाऱ्यांवर झेंड्याच्या खांबाजवळ रक्त थांबवण्याच्या पट्ट्यांची पेटी असते. पायाला चावा असेल तर जांघेच्या मध्यावर मुठीने सगळा भार टाकून दाबायचे, हे ऑस्ट्रेलियातले डॉक्टर सर्फरांना शिकवतात. त्यासाठी लागतो फक्त शेजारी असलेला एक माणूस. एकट्याने पोहायला जाऊ नये, या जुन्या सूचनेचे खरे कारण तेच.