तात्पुरत्या फायली (स्वयंचलित चाचणीतील)

सॉफ्टवेअरची स्वयंचलित चाचणी चालताना तयार होणाऱ्या व ती संपल्यावर निरुपयोगी ठरणाऱ्या फायली आणि फोल्डर. लिनक्सवर त्या सहसा 'टीएमपी' फोल्डरात जातात. 'टीएमपीडीआयआर' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामना बाहेरून मिळणारी सेटिंग) बदलून दुसरी जागाही देता येते.

नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्यांच्या आवकेचा हिशेब ठेवणारी एखादी प्रणाली घ्या. एक चाचणी आंबिया बहाराचे आकडे 'आवक' नावाच्या फायलीत लिहिते, दुसरी मृग बहाराचे, त्याच नावाच्या फायलीत. एकामागून एक चालवल्या तर दोन्ही पास होतात. समांतर, म्हणजे एकाच वेळी, चालवल्या की एकमेकींचे आकडे पुसतात आणि कधी ही फेल, कधी ती. आणि नागपुरातल्या मिहानमधला असो वा परसोडीच्या आयटी पार्कमधला, प्रोग्रामर चूक शोधत बसतो बेरजेच्या कोडमध्ये. म्हणून प्रत्येक चाचणीला स्वतंत्र फोल्डर द्यावे लागते. पायथन भाषेच्या पायटेस्ट या चाचणी-साधनात ही सोय 'टीएमपी पाथ' या फिक्स्चरने (चाचणीला लागणारी तयारी करून देणाऱ्या घटकाने) मिळते, जावाच्या जेयुनिटमध्ये ५.४ आवृत्तीपासून (२०१९) व गो भाषेत १.१५ पासून (२०२०) 'टेम्पडिर'ने. पायथनचे जुने 'एमकेटेम्प' हे फंक्शन फक्त मोकळे नाव सांगते, फाइल बनवत नाही. मधल्या क्षणात दुसरी प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्राम) तेच नाव घेऊ शकते. त्यामुळे ते केव्हाच कालबाह्य ठरले आहे.

साफसफाईची ओळ चाचणीच्या शेवटी लिहिणे ही सर्रास दिसणारी पद्धत, आणि तीच सर्वांत कुचकामी: चाचणी मध्येच फेल झाली की ती ओळ चालतच नाही. फोल्डर बनवतानाच ते पुसण्याची नोंद केलेली बरी. अर्थात 'किल −९' या आज्ञेने प्रक्रिया तडकाफडकी मारली तर तीही नोंद वाया जाते. मग उरलेला कचरा लिनक्सवरील सिस्टिमडीसारखी व्यवस्था उचलते. तिच्या मूळ सेटिंगनुसार 'टीएमपी'त १० दिवस आणि 'व्हार-टीएमपी'त ३० दिवस न वापरलेल्या फायली काढल्या जातात. लहान फायली लाखोंनी साचल्या तर डिस्कवर जागा असूनही आयनोड (प्रत्येक फायलीमागे लागणाऱ्या नोंदी) संपतात आणि सर्व्हर 'जागा नाही' म्हणतो.

विंडोजवर उघडी फाइल सहसा पुसता येत नाही, लिनक्सवर येते. त्यामुळे लिनक्सच्या बिल्ड सर्व्हरवर (कोड आपोआप जोडून तपासणाऱ्या संगणकावर) बिनबोभाट चालणारी साफसफाई विंडोजच्या लॅपटॉपवर अडते. बहुतेकदा कोणीतरी फाइल बंद करायला विसरलेले असते.

सगळेच पुसणेही शहाणपणाचे नाही. फेल झालेल्या चाचणीच्या फायली तपासाला लागतात. म्हणून पायटेस्ट मुळात शेवटच्या ३ फेऱ्यांची फोल्डर ठेवते, आणि ७.३ आवृत्तीपासून (२०२३) फक्त फेल झालेल्या चाचण्यांची ठेवण्याचा पर्यायही देते.