अमेरिकेचा साखर कोटा आला कुठून?

अमेरिकेत साखर बाहेरच्या भावापेक्षा महाग का, तर शेतकऱ्याला वाचवायला, असं उत्तर मिळतं. पण मागे जाऊन बघितलं की शेतीपेक्षा मतांचा हिशोबच जास्त सापडतो.

1930 च्या स्मूट-हॉली कायद्याने क्युबाच्या साखरेवरची आयात ड्युटी पाऊंडाला 2 सेंटवर नेली, मंदीत भाव तर आधीच झोपलेले, मग 1934 च्या जोन्स-कॉस्टिगन कायद्याने सरकारने सरळ वाटणीच करून टाकली. बीटच्या कंदापासून साखर करणाऱ्यांना एवढं, लुईझियाना-फ्लोरिडाच्या उसाला एवढं, हवाई, फिलिपिन्स, क्युबा, सगळ्यांचे कोटे ठरलेले. आता असा वाटपाचा अधिकार एकदा हातात आल्यावर कोण सोडतंय! 1960 मध्ये क्युबाच्या कॅस्ट्रोशी बिनसलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने क्युबाचे 7 लाख टन कापले आणि पुढे क्युबाचा वाटा बाकीच्या देशांत वाटला गेला, तो मिळवायला त्या देशांनी वॉशिंग्टनमध्ये चक्क लॉबिस्ट लावले.

1974 ला जागतिक भाव 60 सेंटच्या वर गेला तेव्हा हा कोट्याचा कायदा संपू दिला. खरी गंमत पुढे आहे. 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनला बजेट पास करायला दक्षिणेतल्या डेमोक्रॅट खासदारांची मतं हवी होती, बदल्यात साखरेचा आधारभाव परत आला. त्यांच्यातलेच एक, लुईझियानाचे जॉन ब्रो, यांना विचारलं, तुमचं मत विकत मिळतं का? ते म्हणाले विकत नाही, भाड्याने मिळतं. आणि 1982 ला याच मुक्त बाजारवाल्या रेगनने आयात कोटा परत लावला.

1985 ला बाहेर भाव 3 सेंटच्या खाली आणि अमेरिकेत 20 च्या आसपास! कोक-पेप्सी तोवर मक्याच्या सिरपवर गेलेले, त्यामुळे साखर महाग राहण्यात मकावाल्यांचाही फायदा, म्हणजे ती लॉबी पण याच बाजूला. गिऱ्हाइकाचे वर्षाला थोडेच डॉलर जास्त जातात, त्यासाठी कोण मोर्चा काढणार? बागायतदाराचं मात्र सगळंच त्यावर, तो प्रत्येक निवडणुकीत उमेदवारांना द्यायला पैसे घेऊन हजर.

1989 ला ऑस्ट्रेलियाच्या तक्रारीवर गॅटने (जागतिक व्यापाराचे नियम ठरवणारा तेव्हाचा करार) कोट्याविरुद्ध निकाल दिला, तर 1990 पासून नाव बदललं, ठरलेल्या टनेजपर्यंत कमी ड्युटी आणि त्यावर जबर ड्युटी. देशांचे वाटे अजून 1975 ते 1981 च्या व्यापारावरून ठरतात, म्हणून साखरेत जगात पुढे असलेल्या ब्राझीलपेक्षा छोट्याशा डोमिनिकन रिपब्लिकचा कोटा मोठा आहे.

आपल्या, म्हणजे भारताच्या, वाट्याला वर्षाला साधारण 8,424 टन कच्ची साखर. रोज 5,000 टन गाळप आणि 11 टक्के उतारा धरला तर आपल्याकडचा एकच कारखाना पंधरा-सोळा दिवसांत एवढी साखर पाडतो. तरी 2022 मध्ये भारताने स्वतःच साखर निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा अमेरिकेचा हा कोटा त्यातून वगळला होता, कारण तिथे भाव चांगला मिळतो, आणि मिळतोय तोवर सोडणार कोण.