एकाच माणसाची चार घरं, आणि चारही लिलावात

आधी एका शब्दाचा घोळ मिटवून टाकू. आपल्याकडे कोणी म्हणालं की "होम लोन फोरक्लोज केलं" तर आपण पेढे मागतो, कारण मुदतीआधी कर्ज फेडून गडी मोकळा झालेला असतो. अमेरिकेत फोरक्लोजर म्हणजे बरोबर उलटं, हप्ते थकले, बँकेने तारण ठेवलेलं घर लिलावात काढलं. २००७ पासून तिकडे जी लाट आली ती या दुसऱ्या अर्थाची, आणि तिची जी गोष्ट आपल्यापर्यंत आली ती अशी की ऐपत नसलेल्या गरिबांना बँकांनी सबप्राइम (पत कमी असलेल्यांना द्यायची) कर्जं वाटली, ती बुडाली, आणि जगाची वाट लागली. खोटी नाहीये ही गोष्ट, पण अर्धवट आहे. जी माणसं तिच्यातून गायब आहेत त्यांची पत चांगली होती, पगार बरा होता, राहायला घर होतं, आणि तरी त्यांनी आणखी दोन-तीन घरं कर्जावर घेऊन ठेवलेली होती.

तसा हा खेळ जुनाच. १९२५ मध्ये फ्लोरिडात जमिनीचं असंच वेड लागलेलं, तेव्हा मायामीच्या रस्त्यांवर "बाइंडर बॉइज" म्हणून पोरं फिरायची. साधारण दहा टक्के इसार भरायचा, त्याची पावती घ्यायची, आणि पुढचा हप्ता भरायची तारीख यायच्या आत ती पावतीच चढ्या भावाने दुसऱ्याला विकायची, तो तिसऱ्याला विकणार. जमीन बघायलासुद्धा कोणी जायचं नाही. गिऱ्हाईकं आटली तेव्हा शेवटच्याच्या हातात पावती उरली, आणि १९२६ च्या सप्टेंबरात मायामीवर वादळ आदळलं तोवर फुगा बसायला लागलेलाच होता. ऐंशी वर्षांनी त्याच मायामीत न बांधलेल्या कॉन्डोचे (फ्लॅटचे) करार बिल्डिंग उभी राहायच्या आधी हात बदलत होते, फरक एवढाच की आता मागे बँका होत्या.

या वेळचं इंधन स्वस्त व्याज. २००० मध्ये डॉट-कॉम म्हणजे इंटरनेट कंपन्यांचे शेअर कोसळले, लोकांना शेअरबाजाराची धास्ती बसली, आणि फेडने, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेने, जून २००३ पर्यंत व्याजदर १ टक्क्यावर आणला. नेवाडातल्या लास व्हेगसमध्ये २००४ साली तर एका वर्षात भाव तीस टक्क्यांहून जास्त चढले. मग शेजारी दुसरं घर घेतो म्हटल्यावर आपण का मागे राहायचं, हे काय फक्त आपल्याकडेच होतं असं थोडंच आहे. पहिल्या घराचा भाव वाढला की त्या वाढीवर आणखी कर्ज काढायचं, ते दुसऱ्याचं डाउन पेमेंट, दुसऱ्याचा भाव वाढला की तिसरं. स्वतःच्या खिशातलं जवळपास काहीच नाही. भाड्यातून हप्ता निघत नव्हता, पण त्याची फिकीर कोणाला, वर्षभरात विकायचंच होतं. रिअल्टर लोकांच्या (घरांच्या दलालांच्या) राष्ट्रीय संघटनेच्या सर्व्हेनुसार २००५ मध्ये विकल्या गेलेल्या दर १० घरांपैकी जवळपास ४ गुंतवणूक म्हणून किंवा सुट्टीत राहायला घेतलेली होती.

आता यातली खरी मेख. स्वतः राहण्यासाठी कर्ज घेतलं तर व्याज कमी आणि डाउन पेमेंटही कमी, कारण माणूस बाकी सगळं थकवेल पण डोक्यावरचं छप्पर जाऊ देणार नाही हे बँकेला पक्कं माहीत असतं. भाड्याने द्यायचं घर म्हटलं की दर चढतो. (आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २००९ मध्ये एकाच माणसाच्या तिसऱ्या घरापासून पुढचं कर्ज कमर्शिअल धरा असं सांगितलं, ते याच शहाणपणातून.) मग लोकांनी काय केलं, तर प्रत्येक अर्जावर "इथे मी स्वतः राहणार" वर टिक केलं आणि सही ठोकली. एक माणूस तीन घरांत राहतो, कागदावर! एजंटला कमिशन हवं होतं, बँकेला कर्ज वॉल स्ट्रीटच्या वित्त कंपन्यांना विकून मोकळं व्हायचं होतं, उत्पन्नाचासुद्धा पुरावा कोणी मागत नव्हतं तर हे कोण तपासणार.

म्हणून अशी घरं किती हा आकडा बरीच वर्षं कोणाच्या नजरेत आला नाही. २०११ मध्ये फेडच्या न्यूयॉर्क शाखेच्या अभ्यासकांनी अर्ज बाजूला ठेवून क्रेडिट रिपोर्ट उघडले आणि एकेकाच्या नावावर किती घरांची कर्जं आहेत ते मोजलं. अर्जात थाप मारता येते, पण क्रेडिट रिपोर्टमध्ये चार हप्ते असतील तर चारच दिसणार ना. निघालं असं की २००६ मध्ये घरखरेदीच्या कर्जातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा आधीच घर असलेल्यांना गेला होता, आणि अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, नेवाडा या चार राज्यांत तर तो निम्म्याच्या जवळ होता. २००७ ते २००९ मध्ये गंभीरपणे थकलेल्या कर्जांत यांचा हिस्सा देशभरात पाव भागाहून जास्त, त्या चार राज्यांत एक तृतीयांशाहून जास्त.

पडझड एवढी झपाट्याने का झाली तेही यातच आलं. जून २००६ पर्यंत फेडने दर ५.२५ टक्क्यांवर नेला, भाव थबकले, विकायला निघालेल्यांना गिऱ्हाईक मिळेना. राहत्या घरावर संकट आलं की माणूस दागिने मोडतो, भावाकडे हात पसरतो. चौथ्या घरासाठी कोण दागिने मोडतंय? तिथे सरळ हिशोब असतो, घराची किंमत कर्जाखाली गेली, किल्ली परत. अ‍ॅरिझोनात तर बऱ्याच घरांच्या बाबतीत लिलावानंतर उरलेली रक्कम बँकेला मागताच येत नाही. आणि सगळी घरं एकमेकांच्या जोरावर घेतलेली, त्यामुळे एक गेलं की बाकीची मागोमाग. लास व्हेगसमध्ये भाव शिखरापासून २०१२ पर्यंत साठ टक्क्यांच्या आसपास घसरले. २०१० मध्ये नेवाडात दर ११ घरांमागे एकावर फोरक्लोजरची नोटीस होती, आणि त्याच गल्लीत जो इमानदारीत हप्ते भरत होता त्याच्याही घराची किंमत मातीमोल झाली.

सरकारने मदत काढली ती राहत्या घरवाल्यांसाठी. माफ झालेल्या कर्जावर टॅक्स नको हा २००७ चा कायदा फक्त मुख्य घराला, हप्ते कमी करून देणारी २००९ ची हॅम्प योजनासुद्धा तशीच, भाड्याची घरं तिच्यात २०१२ मध्ये आली. सट्टेबाजांना कशाला वाचवायचं, हे म्हणणं मला तरी पटतं, पण यात भाडेकरूचं काय? तो दर महिन्याला भाडं देत होता, मालक ते खिशात घालून बँकेचा हप्ता बुडवत होता, आणि भाडेकरूला कळायचं ते दारावर नोटीस चिकटल्यावर. मे २००९ मध्ये अखेर कायदा झाला की त्याला घर सोडायला किमान ९० दिवस द्यायचे.

लिलावातली घरं पुढे कोणी घेतली, तर २०१२ पासून ब्लॅकस्टोनसारख्या बड्या गुंतवणूक कंपन्यांनी, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सपासून सुरुवात करून, हजारोंच्या हिशोबात, आणि भाड्याने दिली. मधल्या काळात नियमही बदलले, कर्ज देण्याआधी माणसाची फेडायची ऐपत तपासायचीच अशी सक्ती २०१४ पासून लागू झाली. पण ती स्वतः राहायच्या घरांसाठी, भाड्याने द्यायला घेतलेलं घर म्हणजे धंदा, त्याला ती लागत नाही. त्यामुळे आजही तिकडे मालकाचा पगार न विचारता, भाड्यातून हप्ता सुटतोय ना एवढंच बघून कर्ज मिळतं.