सांबऱ्याची 'मोफत' जमीन आणि टर्मिनलचा हिशेब

बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी 10 मार्च 2024 रोजी दूरदृश्य पद्धतीने झाली. त्याच कार्यक्रमात हुबळी आणि कडप्याच्या नव्या इमारतींचीही पायाभरणी उरकली, आणि कोल्हापूरच्या तयार टर्मिनलचं उद्घाटन झालं. तेव्हापासून बेळगावात एक तुलना सारखी कानावर येते. 2017 साली धावपट्टी वाढवून, टर्मिनल बांधून, सगळं मिळून सुमारे 140 कोटींत भागलं. मग आता 300 कोटींच्या वर कसे लागतात? प्रश्न रास्त आहे. पण दोन्ही आकडे एकाच तराजूत घालण्याआधी त्यांत काय धरलं आणि काय धरलंच नाही, ते बघायला हवं.

मूळ धावपट्टी 1942 ची, महायुद्धाच्या गरजेतून ब्रिटिश हवाई दलाने आखलेली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी इथूनच उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र निकामी केलं. हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आजही शेजारीच आहे. नागरी वाहतूक मात्र कित्येक वर्षं इथे पाहुण्यासारखी आली आणि गेली. 1,830 मीटरच्या धावपट्टीवर एटीआरसारखी छोटी विमानं उतरत. मोठं विमान भरल्या वजनाने आणायचं म्हटलं की लांबी अपुरी पडे.

खरी सुरुवात 2006 ची. त्या वर्षी कर्नाटक राज्य सरकार आणि केंद्राचं विमानतळ प्राधिकरण यांच्यात बेळगाव आणि हुबळीसाठी सामंजस्य करार झाला. जमीन राज्याने द्यायची, बांधकाम प्राधिकरणाने करायचं. बेळगावच्या वाट्याला 370 एकर जमीन आली, आणि ती प्राधिकरणाला 'मोफत' मिळाली.

या एका शब्दाने पुढचा सगळा हिशेब गोंधळात टाकला आहे. जमीन प्राधिकरणाला मोफत मिळाली, राज्याला नाही. राज्याने ती संपादन केली, मोबदला दिला आणि मग हस्तांतरित केली. तो पैसा महसूल खात्याच्या हिशेबात पडला, विमानतळाच्या नाही. म्हणून प्रकल्पाचा खर्च म्हणून जो आकडा छापून येतो, त्यात ही रक्कम नसते. आणि ज्याच्या उताऱ्यावरून नाव कमी झालं, त्याला तर हा शब्द ऐकवतही नाही.

कागदोपत्री 'मोफत'च्या जोडीला आणखी एक शब्द येतो: 'बोजाविरहित'. गावातल्या माणसाला बोजा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सोसायटीचं पीककर्ज उताऱ्यावर चढलेलं असतं. दोन एकराच्या तुकड्यात एक विहीर असते, बांधावर आंब्याची चार झाडं, कडेला गोठा. भावाभावांतली वाटणी तोंडी झालेली, नाव मात्र अजून आजोबांचंच. यातलं प्रत्येक कलम मोजायचं, पंचनामा करायचा, दर ठरवायचा, वारस जमवायचे आणि मगच ती जमीन बोजाविरहित म्हणून पुढे द्यायची. हे काम तलाठी आणि सर्वेअरच्या पातळीवर होतं, त्याला वर्षं लागतात, आणि टर्मिनलच्या अंदाजपत्रकात त्याची एक ओळही नसते.

तो काळ 1894 च्या भूसंपादन कायद्याचा. त्याखाली मोबदला ठरवताना आसपासच्या नोंदणीकृत खरेदीखतांचा आधार घेत. स्टॅम्प ड्युटी वाचवायला खरेदीखतात किंमत कमी दाखवायची रीत सगळीकडे होती, तेव्हा निवाड्याची रक्कमही कमीच यायची. वर 30 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई. हे मान्य नसलेल्या शेतकऱ्याला कलम 18 खाली दिवाणी कोर्टात जाता येत असे. कोर्टाने रक्कम वाढवली, की वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के व्याज. म्हणजे निकालाला दहा वर्षं लागली, तर नुसतं व्याजच मूळ वाढीच्या जवळपास दीडपट होतं. शेतकऱ्याला न्याय उशिरा मिळतो आणि सरकारला तो महाग पडतो, दोघांचंही नुकसान. 1 जानेवारी 2014 पासून नवा कायदा आला. ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंतचा गुणक, आणि वर 100 टक्के दिलासा रक्कम. एकाच शिवारातला एकच एकर अधिसूचनेच्या तारखेप्रमाणे कितीतरी वेगळ्या किमतीचा ठरू शकतो.

मला यात सर्वांत जास्त खटकतं ते असं, की जमिनीला शून्य किंमत धरली की ती वापरताना कुणी हात आखडत नाही. पार्किंग केवढं, बाग केवढी, पुढच्या विस्तारासाठी किती जागा राखायची, यावर दर एकराचा दाब येतच नाही. 2016 च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने प्रादेशिक विमानतळांसाठी हीच रीत पक्की केली: राज्याने जमीन मोफत आणि बोजाविरहित द्यावी, सुरक्षा आणि अग्निशमन मोफत पुरवावं, पाणी-वीज सवलतीत द्यावी, रस्त्याची जोडणी करावी. हे सगळं खर्चच आहे, पण ते दुसऱ्या वहीत लिहिलेलं आहे.

2017 पर्यंत धावपट्टी 2,300 मीटर झाली, आणि सप्टेंबरात 3,600 चौरस मीटरचं टर्मिनल खुलं झालं. गर्दीच्या तासाला 300 प्रवासी, दीडशे जाणारे आणि दीडशे येणारे, असा त्याचा हिशेब होता. दोन एटीआर एकामागोमाग लागली तरी हा आकडा पुरतो. पण धावपट्टी तर मोठ्या विमानांसाठी वाढवली होती, आणि एका ए-320 मध्येच साधारण 180 जण बसतात. धावपट्टी एका विमानासाठी आणि इमारत दुसऱ्याच विमानासाठी, असं ते झालं. दोन विमानांची वेळ जवळ आली की सुरक्षा तपासणीची रांग दारापर्यंत येते, आणि लहान मूल कडेवर घेतलेली बाई सामानाच्या ट्रॉलीलाच टेकून उभी राहते. छोट्या गावाच्या विमानांना मोठ्या शहरांत उरलेल्या वेळा मिळतात, त्यामुळे दिवसभर दालन रिकामं आणि दीड तास चेंगराचेंगरी.

इमारत उघडली आणि वर्षाच्या आत, मे 2018 मध्ये, विमानंच गेली. छोट्या शहरांच्या विमानसेवेला सरकारी अनुदान देणाऱ्या उडान योजनेत हुबळी होतं, बेळगाव नव्हतं. एका कंपनीने आपली उड्डाणं उचलून तिकडे नेली. व्यापारी, वकील, खानापूर-निपाणीपासून चंदगडपर्यंतचे प्रवासी यांनी तेव्हा बराच आवाज उठवला. जानेवारी 2019 मध्ये उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला मार्ग मिळाले आणि वर्दळ झपाट्याने वाढली. मात्र उडानच्या उड्डाणांना लँडिंग आणि पार्किंग शुल्क माफ असतं, आणि अनुदान तीन वर्षांचं. त्यातला 20 टक्के वाटा पुन्हा राज्याचाच. तेव्हा ज्या वर्दळीच्या जोरावर मोठ्या टर्मिनलची मागणी उभी राहिली, तिच्यातल्या बऱ्याच विमानांकडून विमानतळाला धावपट्टीचं भाडंही मिळत नव्हतं.

नवी इमारत 2017 च्या इमारतीच्या चौपटीहून मोठी, एरोब्रिजसह (इमारतीतून थेट विमानात नेणाऱ्या पुलासह) आखली आहे. आकार बदलला तसा खर्च बदलणारच. तो हाताबाहेर कुठे जातो, हे बांधकामातल्या माणसांना ठाऊक असतं: निविदा निघाल्यावर बदललेल्या नकाशात, एक्स्ट्रा आयटममध्ये (निविदेत नसलेल्या जादा कामांत) आणि वाया गेलेल्या हंगामात. पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत पाया खोदायचा तर दिवाळीनंतर लागून मृगाच्या आत वर यावं लागतं. नकाशावर एक सही दोन महिने अडली, तर सगळं वर्ष जातं. सरकारी बांधकामात साधारणपणे मंजूर रकमेच्या दहा टक्क्यांवर खर्च गेला की सुधारित मंजुरी घ्यावी लागते, आणि ती येईपर्यंत साइटवरची यंत्रं उभी राहतात. आता गोव्यातलं मोपा आणि कोल्हापूर, दोन्हीकडे नवी टर्मिनल चालू आहेत. चंदगडचा प्रवासी तिकिटाचा दर बघून तिन्हींपैकी कुठेही जातो.